अंबाडीचे नियम

परभणीत माणूस घराबाहेर पडला की पहिल्याच कोपऱ्यावर कोणीतरी त्याला विचारतं, "कुठं निघालाव?" यात चौकशी काही नसते. दुसऱ्या गावी लोक नमस्कार घालतात, आम्ही हे विचारतो, आणि उत्तर ऐकायला कोणी थांबतही नाही. पण माझ्या घरमालकांना कोणी असं विचारलं की ते सायकल थांबवायचे, रीतसर खाली उतरायचे, चष्म्यावरून विचारणाऱ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "जाऊन येतो." की पुन्हा सायकलवर टांग. मंडईतून परत येतानाही हेच. हँडलला पिशवी लटकलेली, तिच्यातून शेपूची जुडी डोकावतेय, तरी "जाऊन येतो."

"सर, आता तर आलाव की जाऊन," कोपऱ्यावरचा पानवाला एकदा म्हणाला.

"ते तुमचं निरीक्षण झालं," सर म्हणाले. "माझं उत्तर न्हाई ते."

सर एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. मी मूळची चारठाण्याची, बँकेच्या बदलीनं परभणीत आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. खोली शोधत हिंडताना माझा अनुभव असा होता की आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि सांगितलं की तिथं मालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. आम्ही बौद्ध. या पुतण्यांची मला सवय झाली होती, पण राग काही जायचा नाही. सरांच्या दारात उभी राहिले तेव्हा मी न विचारताच आडनाव सांगायला तोंड उघडलं, म्हणजे दोघांचाही वेळ वाचावा. सरांनी हात वर केला.

"थांबा. आडनाव सांगू नका. एकदा मला कळलं की ते मला सांभाळत बसावं लागतं. पाणी एक दिवसाआड येतं, चालंल का?"

मी चालेल म्हणाले. नंतर काकू तरी हळूच विचारतील म्हणून वाट पाहिली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, बोलायला कमी आणि बघायला पक्क्या. त्यांनीही विचारलं नाही. खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला माया वाटली ती त्याच दारात. पुढं त्यांनी मला भरपूर वैताग दिला, पण ती माया काही आटली नाही.

वैताग म्हणजे कसा, तर घरात कुठलंही पार्सल आलं की सर त्यावरचा पत्त्याचा कागद नखानं खरवडून काढायचे, बादलीत भिजत घालायचे आणि त्याचा लगदा झाला की मोगऱ्याच्या बुडाशी टाकायचे. माझीही पार्सलं त्यांनी परस्पर भिजवली आहेत. एकदा तर आतली साडी बाहेर काढायच्या आधी. दुकानात बिल करताना पोरगा म्हणायचा, "मोबाईल नंबर सांगा." सर विचारायचे, "कशाला?" पोरगा म्हणायचा, "लागतो." सर म्हणायचे, "मी बेसन घ्यायलोय. बेसन मला फोन करणार हाय का?" मागं रांग तुंबायची, लोक कुरकुरायचे, मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन अनोळखी उभी राहायचे.

"सर, तुम्हाला एवढं लपवायचंय तरी काय?" असं मी एकदा चिडून विचारलं. जिन्यात उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, "लपवणं येगळं, झाकणं येगळं. तुमी भाजी झाकून ठेवता. ती चोरीची असती का?"

कपाळ! मी तशीच जिना चढून वर गेले.

आमच्याकडं लग्नात आहेर माईकवरून पुकारतात. अमक्या गावच्या तमक्यांकडून एवढे, असं सगळ्या मांडवाला ऐकू जातं. गल्लीतल्या एका लग्नात सरांनी पाकीट दिलं ते कोरं. नवरीच्या मामानं माईकवर हाका मारमारून विचारलं की हे बिननावाचं पाकीट कोणाचं हाय, ज्याचं असंल त्यानं यावं. सर पहिल्या रांगेत मांडवाच्या छताचं झुंबर बघत बसलेले. काकूंनी पदरानं तोंड झाकून घेतलं. पंगत बसायच्या आत सर उठून घरी गेले, ते कुठल्याच पंगतीला बसत नसत. मग काय, सर रिकाम्या हातानं येऊन गेले अशी गल्लीत बोंब. मी त्यांना सांगितलं, तर खूश झाले. म्हणाले, "गुप्ततेचं असंच असतं. फायदा दिसत न्हाई, तोटा लगेच दिसतो."

हेच सर फोनवर एक गट चालवायचे. विषय होता एन्क्रिप्शन आणि खाजगीपणा, भाषा मराठी, नाव "कडी-कोयंडा". एन्क्रिप्शन म्हणजे काय ते सर नव्या माणसाला असं सांगायचे: निरोप पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली एक तुमच्याकडं आणि एक ज्याला पाठवला त्याच्याकडं, मधल्या कोणाला, कंपनीलासुद्धा, पेटी उघडता येत नाही. आणि पुढं एक वाक्य हमखास जोडायचे: "कुलूप सहसा तुटत न्हाई. गळती टोकाला होती. दोन्ही टोकाला माणूस असतो."

गटाला नियम होते आणि ते नव्या सभासदाला आधी वाचावे लागत. पहिला असा की इथं प्रत्येकानं पिकाचं नाव घ्यावं. आडनाव कळलं की जात कळते, गाव कळलं की सोयरा निघतो, आणि सोयरा निघाला की गुपित संपलं. म्हणून गटात होते तूर, हरभरा, करडई, भुईमूग. सर स्वतः अंबाडी. मला त्यांनी जवस केलं आणि आपल्या जोडीला ॲडमिन नेमलं, कारण किल्ल्या दोन पाहिजेत. सुप्रभात, फुलं आणि देवाचे फोटो टाकणाऱ्याला ताकीद नाही, थेट बाहेर. आवाजी निरोप पहिल्यांदा चालायचे, पण करडईच्या निरोपात मागं इंजिनाची शिट्टी आणि गाडीची घोषणा ऐकू आली आणि तूर लगेच म्हणाली, पूर्णा जंक्शन! त्या दिवसापासून आवाज बंद. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहावं, अंदाज लिहू नये, कोणीतरी त्यावर विसंबून राहतं. कोणी "कसं" विचारलं तर कसं ते सांगावं; "का" विचारू नये, तो त्याच्या घरचा प्रश्न.

एक नियम त्यांनी रागात लिहिला होता: "मला काय लपवायचंय" म्हणणाऱ्यानं आधी आपला पासवर्ड इथं लिहावा. भुईमुगानं तो वाचला आणि भल्या माणसानं खरंच लिहिला. लेकीचं नाव आणि पुढं तिचं जन्मसाल. वर हात जोडलेलं चित्र. सर घाम पुसत तासभर त्याला एकेक ठिकाणचा पासवर्ड बदलायला लावत होते आणि तो प्रत्येक नवा पासवर्ड "बरोबर हाय का बघा" म्हणून पुन्हा गटावर लिहीत होता. सरांना हसू येत नसे, त्या दिवशी मात्र भिंतीकडं तोंड करून हसताना मी त्यांना पाहिलं.

शेवटचा नियम त्यांना सगळ्यात प्यारा होता. गटात कोणाची ओळख पटली तर गिळायची. ओळख दाखवणाऱ्याला आणि गटातलं बाहेर नेणाऱ्याला आठ दिवस बाहेर. याच्या शेवटी दोन शब्द होते: "अंबाडी धरून."

आता हा एवढा नियमाचा माणूस, आणि दर रविवारी सकाळी ओसरीवर बसून बायकोचा फोन तपासायचा. त्याला ते "सफाई" म्हणायचे. फोन काकूंचा, पण तो उघडायला सरांचंही बोट चालायचं. घेतला तेव्हाच त्यांनी त्याचा ठसा भरून ठेवला होता. कोणाचे फोन आले, कोणते निरोप आले, सगळं वरपासून खालपर्यंत. "हा नंबर कोणाचा?" काकू मेथी निवडता निवडता सांगायच्या, दूधवाल्याचा. "आन हा?" गॅसवाल्याचा. काकूंच्या आवाजात ना राग ना लोभ, शाळेत हजेरी देतात तसं.

मी एकदा जिन्यातून म्हणाले, "सर, तुमच्या नियमात हे कुठं बसतं?"

"घरातलं येगळं असतं," सर म्हणाले आणि फोनाची काच लुंगीनं पुसली.

काकूंनी मेथीची काडी मोडली आणि माझ्याकडं पाहिलं. एवढंच.

त्या बघण्याचा अर्थ मला उन्हाळ्यात कळला. काकू गच्चीवर सांडगे घालत होत्या, मी ताट धरून उभी होते, आणि त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. त्यांची एक धाकटी बहीण सोनपेठला. सर नोकरीत असताना एक दिवस वर्गात फळ्याकडं तोंड करून उभे राहिले ते तास संपेपर्यंत वळलेच नाहीत. खडू हातात, अक्षर नाही. काकूंनी त्यांना नांदेडला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू झाल्या, सर हळूहळू बरे झाले. ही गोष्ट दोघांतच ठेवायची असं ठरलं होतं. पण काकूंना कोणाजवळ तरी रडायचं होतं. त्या बहिणीजवळ रडल्या.

पुढं त्या बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं. पंगतीत सर बसलेले, वाढपी बुंदीचं पातेलं घेऊन समोर उभे. सर नको म्हणतात, हे ऐकत नाहीत. आपल्याकडं पाहुण्यानं नको म्हटल्याशिवाय आग्रहाला रंगच चढत नाही. एकानं तर सरांचा हात धरून पत्रावळीवर बुंदी ओतली. हे बहिणीनं मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. बिचारी पदर खोचून धावत आली आणि धावता धावताच ओरडली, "आरे, दाजींला आग्रह करू नका रे! डोक्याच्या गोळ्या चालू हायत त्यांला!"

"समदी पंगत गप झाली बघ," काकू म्हणाल्या. "बुंदी पडल्याचा आवाज आला."

सर उठले, हात धुतले, तडक गाडीनं परत आले. आठवड्यात गोष्ट कॉलेजात पोचली. शिकवणीची पोरं गळाली. सरांशी बोलताना लोक आवाज बारीक करायला लागले, लहान लेकराशी करतात तसा. त्या दिवसापासून पंगत बंद, सोनपेठ बंद, बहिणीचं नाव बंद.

"तिनं वाईट मनानं केलं का गं? मायेनंच केलं की. पण माया मोठ्यानं बोलती." काकूंनी सांडग्याचं पीठ बोटावरून निपटलं. "आन सांगितलं तर मी व्हतं. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलला न्हाई. नुसतं फोनात बोट घातलं."

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. बहीण आजारी होती. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिला ताईशी बोलायचं होतं आणि ताईच्या फोनाची दर रविवारी सफाई.

"काकू, माझ्या फोनवरून बोला ना."

"बोलले की मागं, तुझ्याच फोनवरून. कोणाशी ते तुला सांगितलं न्हाई. पण तिला जवा बरं वाटतंय तवा ती फोन करणार. आजारी माणूस येळ बघून करतंय का? तवा मी खाली असते, भाकरी थापायले असते."

"मग आत्ता देते तुमच्या फोनातलं सरांचं बोट काढून. दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "तू काढलंस तर तुझ्यावर येईल, भाडेकरू हायस तू. आन मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. जगाला सांगायलेत ना कुलूप कसं लावावं? मलाबी सांगू दे."

बाप रे, म्हटलं, ही बाई! माझा एक जुना फोन कपाटात पडून होता. त्यावरून काकू "कडी-कोयंडा" गटात आल्या. पीक त्यांनीच निवडलं, तीळ. नियम वाचायला त्यांना बराच वेळ लागला, कारण प्रत्येक नियमाला त्या थांबून "हूं" म्हणत होत्या. शेवटचा त्यांनी दोनदा वाचला.

मग माझ्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून, एका बोटानं, काकूंनी लिहिलं: फोन माझा आहे. पण दुसऱ्याचं बोट लागतं. ते कसं काढावं? माझं एक माणूस लय आजारी हाय, त्याच्याशी बोलायचं हाय.

हरभऱ्यानं लगेच तोंड खुपसलं: ताई, नवऱ्याचं बोट हाय का? मग काढता कशाला, खामखा घरात भांडण.

अंबाडीनं लिहिलं: हरभरा, तुम्ही "का" विचारलंत. आठ दिवस. आणि हरभरा गेला. मग अंबाडीनं तीळला पायरी पायरीनं सांगितलं, फोनात कुठं जायचं, काय दाबायचं, जुनी बोटं कशी पुसायची, नवा आकडा कसा निवडायचा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. एकेक पायरी झाली की "जमलं" असं लिहा, मग पुढची सांगतो. इतक्या सबुरीनं मी त्यांना कोणाशी बोलताना ऐकलं नव्हतं. काकू प्रत्येक पायरीला आपल्या खऱ्या फोनात ते करत होत्या आणि माझ्या फोनात "जमलं" लिहीत होत्या. खालून ओसरीवरून सरांचं खाकरणं ऐकू येत होतं.

शेवटी काकूंनी एक प्रश्न आपल्या मनानं विचारला, मला न सांगता. घरातलं वेगळं असतं म्हणतेत. खरं का?

अंबाडी लिहितो आहे, अंबाडी लिहितो आहे, असं बराच वेळ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: ज्यानं म्हटलं त्याला कळत नाही. फोन ज्याचा, बोट त्याचं.

काकूंनी ते वाचलं आणि फोन उपडा मांडीवर ठेवला. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. काकूंनी फोन पापडाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. सर दारात, डोळे लाल.

"वाचलं का तुमी? तीळचं? आजारी माणसाशी बोलू देत न्हाई कोणी एक जण! कोण असंल तो, शरम वाटाया पायजे त्याला." मग त्यांचं लक्ष काकूंकडं गेलं. "तू काय करायलीस इथं?"

"पापड देयाला आले व्हते," काकू म्हणाल्या.

रविवार उजाडला. मी मुद्दाम जिन्याच्या वरच्या पायरीवर भांडी घासायला बसले, कबूल करते. सरांनी काकूंचा फोन घेतला, बोट लावलं. उघडला नाही. बोट लुंगीला पुसलं, परत लावलं. दुसरं बोट लावून पाहिलं. काकू आत भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"फोन बिघडला काय गं?"

"न्हाई. कुलूप घातलंय."

"कोणी शिकवलं?"

"हाय एक जण," काकू म्हणाल्या. "नाव सांगायचं न्हाई म्हणतेत."

थापण्याचा आवाज तसाच चालू. सरांनी काकूंचा फोन खाली ठेवला आणि स्वतःचा उचलला. ते गट उघडून बोट वर वर सरकवत होते, हे मला वरूनही दिसत होतं. बराच वेळ ते वाचत बसले. चहा आला तो गार झाला. तीन गोष्टी होऊ शकत होत्या: ते ओरडतील, ते फोन हिसकावतील, नाहीतर पुन्हा फळ्याकडं तोंड करून उभे राहिल्यासारखे गप होतील. तिसऱ्याची भीती काकूंनाही असावी, कारण आता त्यांचा हात थांबला होता.

सर उठले आणि जिना चढून वर आले. त्यांनी मला पहिल्यांदाच समोरासमोर गटातल्या नावानं हाक मारली.

"जवस, ओळख पटली तर काय करायचं लिहिलंय आपण?"

"गिळायची, सर."

"हां," ते म्हणाले. जिन्याचा कठडा धरला. "बरोबर हाय नियम," म्हणाले आणि खाली गेले. त्या दिवसापासून सफाई बंद झाली.

त्यानंतर फोन वाजायला लागला. कधी सकाळी, कधी भर दुपारी. काकू फोन घेऊन मागच्या पायरीवर जायच्या आणि सर ताबडतोब सायकल काढायचे. चौकापर्यंत जायचे, पानवाल्याला "जाऊन येतो" म्हणायचे, दुसऱ्या गल्लीतून फिरून यायचे. आत डोकावून काकूंचा आवाज येतोय असं दिसलं की पुन्हा एक चक्कर. भर उन्हाळ्यात हा माणूस घामाघूम होऊन गल्लीला फेऱ्या मारायचा, आणि लोक म्हणायचे, सरांचं परत काहीतरी बिनसलं. मला त्यांची कीव यायची आणि कौतुकही वाटायचं. दोघंही एकमेकांना एका शब्दानं काही विचारत नव्हते.

मग एक दिवस सकाळी फोन आला आणि काकू मागच्या पायरीवर गेल्याच नाहीत. उभ्या उभ्याच ऐकलं. आत जाऊन त्यांनी पिशवी भरली, भाकरी करून फडक्यात बांधून ठेवल्या, पायात चपला घातल्या. मी बँकेत निघाले होते, फाटकापाशीच थबकले. सर मोगऱ्याला पाणी घालत होते. भांड्यातलं पाणी संपलं होतं तरी भांडं कलतं धरलेलं.

काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊन येते."

सरांनी मान हलवली. पिशवी घेतली, रिक्षापर्यंत नेऊन ठेवली. रिक्षा सुरू झाली, आणि सर एकदम पुढं झाले, हुडाला धरून म्हणाले, "सोनपेठची गाडी आता स्टँडच्या मागच्या बाजूला लागती. पुढं उभी राहशील तर सुटंल."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. डोळे भरले होते. "बरं," म्हणाल्या. रिक्षा गेली. कुठं जायचं ते काकूंनी सांगितलंच नव्हतं.

दुपारी बँकेत मी फोन पाहिला तर गटात एकच ओळ होती: अंबाडी गटातून बाहेर पडले. सगळे बुचकळ्यात. तूर म्हणाली, अंबाडींनी कोणाची ओळख दाखवली की काय? मी ते पुसलं. भुईमूग म्हणाला, त्यांच्याशिवाय आमचं कसं व्हायचं? ते राहू दिलं.

संध्याकाळी तीळचा निरोप आला, या खेपेला काकूंच्या स्वतःच्या फोनावरून, सफाई बंद झाल्यावर मीच तिथं गट घालून दिला होता: अंबाडींना कोणी ओळखत असेल तर सांगावं. भाकरी फडक्यात हाय, ठेचा फडताळात हाय. बहीण बोलायलीय. दाजी जेवले का म्हणून विचारलं तिनं.

मी ते दोनदा वाचलं. पण नियम तो नियम. निरोप पुसला आणि तीळला आठ दिवस बाहेर काढलं.

खाली गेले तर सर ओसरीवर बसलेले, भाकरीचं फडकं समोर, गाठ तशीच.

"सर, तीळलाही आठ दिवस काढलं."

"का?" गटातल्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून "का" मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "काय लिहिलं तिनं?"

"गटातलं गटाबाहेर सांगता येत नाही, सर."

नियम त्यांचाच होता. ते फडक्याच्या गाठीकडं बघत राहिले, आणि मला वाटलं, खड्ड्यात गेले ते नियम. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, भाकरीचं, ठेच्याचं, आणि सोनपेठहून कोणी काय विचारलं ते. मग त्यांच्यासमोरच फोन काढून मीही आठ दिवस बाहेर पडले. गटाला ॲडमिन उरला नाही. पुढचे आठ दिवस भुईमुगानं तिथं रोज गुलाबाची फुलं टाकून सुप्रभात घातलं, आणि बाहेर काढायला कोणी नव्हतं.

सर त्या संध्याकाळी जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले, सायकलीविना, हातात पिशवी. मी बँकेत निघाले होते म्हणून चौकापर्यंत बरोबर होते. पानवाल्यानं मान वर न करताच, पानाला चुना लावता लावता विचारलं, "कुठं निघालाव, सर?"

सर थांबले. चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"सोनपेठला," ते म्हणाले. साऱ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मेहुणी लय आजारी हाय माझी. जाऊन येतो."